उसाच्या ट्रॉलीवरची कॉर्व्हेट

आमच्या गावाला समुद्राचं काही देणंघेणं नाही. आमचं म्हणजे शेवगाव तालुक्यातलं, जिथं मी आता बरीच वर्षं राहतो ते. कापूस, तूर, कालव्याच्या बाजूला ऊस. फौजेत गेलेली माणसं पुष्कळ, पण सगळी जमिनीवरची. नगरला रणगाडे असतात हे इथल्या पोरांना शाळेत जायच्या आधीच माहीत असतं, कारण नगरच्या पाहुण्यांकडे गेलं की आधी रणगाडे दाखवायला नेतात. नेव्हीत गेलेला माणूस मात्र गावात एकच, माझे घरमालक. गाव त्यांना नेव्हीवाले आबा म्हणतं, मी नुसतं आबा म्हणतो.

मी मूळचा सिंधुदुर्गातला, पण किनाऱ्यावरचा नाही. घाटाच्या पायथ्याला, काजूच्या झाडांत आमचं घर. समुद्र बघायचा तर एसटी बदलून जावं लागतं. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड बांधणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर बाहेर पडलो आणि शेडमागून शेड करत इथवर आलो. इथं मला ताप आला. ठेकेदार पुढच्या कामावर गेला आणि मी एका घराच्या ओसरीवर पडून राहिलो. ते घर आबांचं. त्यांच्या बायकोनं, माईंनी, मला भात करून वाढला, कारण तापात मी बाजरीची भाकरी बघून रडायला लागलो होतो म्हणे. मला ते आठवत नाही. माईंना आठवतं, आणि त्या ते सगळ्यांना सांगतात.

बरा झाल्यावर आबांनी रस्त्यालगतचा मोकळा तुकडा दाखवला. "हितं टाक वेल्डिंगचं दुकान. लाईट माझ्या मीटरवरून घे." एवढंच. तेव्हापासून मी गेट, ग्रिल आणि हंगामाच्या आधी उसाच्या ट्रॉल्या करतो. अजूनही कधीकधी वाटतं, कुणीतरी येईल आणि म्हणेल, चुकून दिलं होतं, आवरा सामान. माझा स्वभावच धास्तीचा. जोड मारला की हातोडीनं ठोकून बघतो, परत ठोकतो, गिऱ्हाईक म्हणतं, मिस्त्री, आता तोडूनच देता का?

आबांना गावात मान होता, पण त्यांच्या लढाईला नव्हता. देवळासमोरच्या पारावर बसले की कुणीतरी विचारायचंच.

"आबा, एकाहत्तरच्या लढाईत किती मारले?"

"एक बी न्हाई."

"मग काय केलं?"

"ऐकलं."

यावर पार हसायचा. "लढाई ऐकून आले! आमी रेडिओवर ऐकली, आबांनी सरकारी खर्चानं ऐकली." आबाही हसायचे. मग घरी येऊन गुरांची वैरण कापायला बसायचे, तेव्हा विळ्याचा आवाज जरा जास्तच जोरात यायचा. मला तो आवाज आवडत नसे. पण मी काय बोलणार, मी भाडेकरू, त्यातही भाडं न देणारा.

दोन वर्षांमागं गणपतीच्या आधी मंडळाचे अध्यक्ष दुकानात आले. तरुण माणूस, खताचं आणि बियाण्यांचं दुकान आहे, आवाज असा की लाऊडस्पीकर लागत नाही.

"मिस्त्री, यंदा देखावा जहाजाचा. आबांचं जहाज, लढाईतलं. तुमी करायचं."

"मी कधी जहाज केलं नाही."

"कोकणातले ना तुमी?"

"डोंगरातला आहे मी."

"मग डोंगरावरून दिसत असंल की. वरून तर सगळंच दिसतं."

आईला फोनवर सांगितलं तर ती किती वेळ हसत राहिली. "पाण्याक घाबरणारो तू, नि जहाज करतंस?" मला खरंच पोहता येत नाही. इथं कुणाला ते पटत नाही.

आबांची परवानगी घ्यायला आम्ही दोघं गेलो. आबा खाटेवर बसून चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "दाखवा. पर जे झालं तेच दाखवायचं. जे न्हाई झालं ते न्हाई."

"शब्द दिला," अध्यक्ष म्हणाले. एवढ्या पटकन दिला की मला तिथंच धाकधूक वाटायला लागली. आबांचा चेहरा मात्र असा झाला होता की मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. ते खाटेवरून उठले आणि उगाच अंगणात एक फेरी मारून आले. पारावरच्या लोकांना आता तरी कळेल, असं त्यांच्या मनात आलं असणार. त्यांनी तसं म्हटलं नाही. पण त्या फेरीमुळे मला कळलं की हे जहाज बिघडून चालणार नाही.

जहाज म्हणजे कॉर्व्हेट. आबांनी मला समजावलं होतं, लढाऊ जहाजांतलं ते धाकटं. मोठ्या युद्धनौकेशेजारी उभं राहिलं की बैलगाडीशेजारी सायकल. धाकटं म्हटल्यावर मला बरं वाटलं, कारण माझ्याकडे सामान तेवढंच होतं. दुरुस्तीला आलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या एकमेकींना जोडल्या, मालकांना विचारून. वर पातळ पत्र्याचं अंग चढवलं. बोअरच्या केसिंग पाइपची तोफ. जुन्या टीव्हीची डिश म्हणजे रडार. डोलकाठीला ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या, त्या तारांसारख्या दिसायच्या. समुद्रासाठी शेततळ्यात अंथरतात तो जाड निळा कागद आणला आणि त्याखाली दोन कूलरचे पंखे लावले, म्हणजे लाटा हलतील. मी दुकानाला पडदा लावून काम करत होतो. आबांना म्हटलं होतं, पूर्ण झाल्यावरच दाखवतो.

रंगाचं काम पेंटरकडे. तो माझ्या माघारी येऊन रंगवून गेला, कारण त्या दिवशी मी शेवगावला गॅसची टाकी भरायला गेलो होतो. परत आलो आणि पडदा बाजूला केला. सगळं जहाज हिरवं होतं. त्यावर मातकट ठिपके, आणखी गडद हिरवे पट्टे. तोफेच्या बुडाशी त्यानं मन लावून गोल घुमटी रंगवली होती, आणि जहाजाच्या दोन्ही अंगांना, खालच्या बाजूला, चाकं आणि त्यांच्यावरून जाणारा साखळीचा पट्टा.

"लष्कराचं म्हनल्यावर असंच असतं," पेंटर म्हणाला. "नगरला जाऊन डोळ्यानं बघून आलोय."

तेवढ्यात मागं आबा उभे. पडदा उघडाच राहिला होता. ते जहाजाभोवती एक चक्कर मारून आले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते इतके हसले की खोकला लागला, आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन धावलो.

"गड्या," ते डोळे पुसत म्हणाले, "ह्यो पाण्यात सोडला तर सरळ पलीकडच्या काठावर चढंल, आन तिकडनं नगरला जाईल."

पेंटर ओशाळला. "मग रंग कोणता आबा?"

"राखाडी. समुद्र आन आभाळ जिथं मिळतं तिथं दिसू नये असा."

"राखाडी?" पेंटरनं माझ्याकडे पाहिलं. "ते तर प्रायमर झालं! लोक म्हनतील रंग अर्ध्यात संपला."

"म्हनू दे."

दोन दिवसांत जहाज राखाडी झालं. मागच्या बाजूला पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव लिहिलं. आबांनी ते एका कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिलं होतं, आणि पेंटरनं अक्षरांवर जेवढा जीव ओतला तेवढा मी त्याला कधी ओतताना पाहिला नव्हता. हिरव्याचं प्रायश्चित्त घेत असावा.

मग खरी पंचाईत झाली. अध्यक्षांनी देखाव्याची गोष्ट लिहून आणली. निळ्या समुद्रातून शत्रूची पाणबुडी वर येते. धूर. तोफ चालते. स्फोट. पाणबुडीचे दोन तुकडे. मग डीजे. पाणबुडीही मीच करायची होती, पाण्याच्या जुन्या काळ्या टाकीची, आणि ती वर उचलायला ट्रॉलीचा जॅक लावायचा होता. टाकी मी कापलीसुद्धा होती. मला वाटलं आबांना विचारलं असेल.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "आमी एक बी पानबुडी पाह्यली न्हाई."

"आबा, देखावा हाय हो. शेजारच्या मंडळाचा ज्वालामुखी हाय. आपली पानबुडी वर नाय आली तर कोन थांबंल बघायला?"

"शब्द दिला हुता तुमी."

"शब्द हायच की! जहाज तुमचंच हाय, लढाई तेवढी जराशी वाढवलीय."

आबा उठले. "मग माझ्या जहाजाचं नाव पुसा. दुसरं कायबी लिहा. मी काय यायचो न्हाई तिकडं." आवाज चढवला नाही. काठी घेतली आणि घराकडे निघाले. अध्यक्ष मला म्हणाले, "तुमी बघा जरा. तुमचं ऐकत्यात."

माझं कोण ऐकतं! मी गेलो ते मनात देव आठवत. आबा गोठ्याजवळ वैरण कापत होते, विळा तसाच जोरात. मी बाजूला बसलो. बोलायला काही सुचेना, म्हणून विचारलं, "आबा, पण ऐकलं म्हणजे नेमकं काय केलं?"

पाराच्या त्या प्रश्नोत्तरात हा पुढचा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. मीही नाही. आबांनी विळा बाजूला ठेवला.

ते तेव्हा अगदी नवे होते, मिसरूड फुटलेले. कॉर्व्हेटच्या पोटात एका अरुंद खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं, हे त्यांचं काम. जहाजाच्या बुडातून पाण्यात एक आवाज सोडायचा आणि तो कशावर आपटून परत येतो का ते ऐकायचं. "इहिरीत वरडल्यासारखं," ते म्हणाले. "फकस्त इहीर लई मोठी, आन तळाशी कोन बसलंय ते ठाव न्हाई."

लढाई सुरू झाली तसं जहाज दिवे विझवून बंदराबाहेर पडलं. तेलाची, धान्याची व्यापारी जहाजं असायची, त्यांना सोबत करायची. मोठं जहाज सरळ जाणार आणि हे धाकटं त्याच्या पुढंमागं नागमोडी, राखणीच्या कुत्र्यासारखं. एक पोचवलं की दुसरं. पाळी संपली तरी झोपेत कानात आवाज चालूच. मध्येच जहाजाचा वेग एकदम कमी करायचे, म्हणजे जहाजाच्या स्वतःच्या, बुडाच्या पंख्याचा आवाज मरतो आणि लांबचं ऐकू येतं. "पर थांबलेलं जहाज म्हंजे पानबुडीला आयतं घावलेलं. तवा सगळ्या जहाजावर कोनी हालायचं न्हाई. चमचा पडला तरी पान्याखाली ऐकू जातो."

एकदा परत आलेला आवाज घट्ट वाटला. आबांनी वर कळवलं. पिंपासारखे बॉम्ब पाण्यात टाकले, समुद्र डोंगराएवढा उडाला. उजाडल्यावर बघतात तर पाणबुडी नाही, तेलाचा तवंगही नाही, नुसते मासेच मासे पालथे पडलेले. आचाऱ्यानं ते सगळे गोळा केले. "सारं जहाज माझ्याकडं बघून हसत जेवलं. मासा मी तवर गंगेच्या कडंला दुसऱ्याच्या ताटातच पाह्यला हुता. त्या दिशी खाल्ला. माझीच शिकार म्हनल्यावर खावाच लागला." इकडे गोदावरीला गंगा म्हणतात.

एकदा एका मालाच्या जहाजाचं इंजिन मधल्या समुद्रात बंद पडलं, तेव्हा या धाकट्यानं त्याला दोर लावून ओढत आणलं. "ट्रॅक्टर फसला की बैलानं काढावा तसं. बैलाला लई हसू येत असंल तवा." मग लढाई संपली. मोठ्या जहाजांवरच्या लोकांना हार पडले. "आमाला चहा मिळाला. चहा चांगला हुता."

"आणि तुमच्याबरोबरची जहाजं?"

"जेवढी दिली तेवढी पोचली." त्यांनी हाताला लागलेला पाला झटकला. "आता ह्ये पारावर कसं सांगायचं? काय झालं इचारत्यात. कायबी झालं न्हाई. कायबी होऊ नये म्हनून तर बसलो हुतो."

मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं. "चल हिकडं. डोकं घाल हौदात."

"कशात?"

"हौदात. कान बुडू दे."

गुरांच्या पाण्याचा हौद, वर शेवाळाचा पातळ थर. मला पाण्याची भीती, पण आबांना नाही म्हणायची त्याहून जास्त भीती. नाक दाबलं आणि डोकं घातलं. पलीकडच्या टोकाला आबांनी माझ्या खिशातला पान्हा घेऊन हौदाच्या लोखंडी पाइपवर एकदा ठोकला. आवाज कानात वाजला नाही, दातांत वाजला. मग एक बारीक खरखर आली, आणि मला आपोआप कळलं की माईंनी कुठंतरी काठावर कळशी टेकवली आहे. डोळे मिटलेले असताना मला कळशी दिसली.

"अवो!" वर आलो तेव्हा माई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "पोराला बुडवताय का काय?"

"शिकवतोय."

"आधी डोकं पुसा त्याचं. ताप आला म्हंजे परत भात माझ्याच गळ्यात."

ओल्या डोक्यानंच मी अध्यक्षांच्या दुकानात गेलो. वाटेत वाक्य पाठ करत होतो आणि तिथं पोचेपर्यंत विसरलो. तिथं मंडळाची पाचसहा पोरं युरियाच्या पोत्यांवर बसलेली. मी म्हटलं, "पाणबुडी मी केली आहे. पण तिला जॅक लावणार नाही. ती खालीच राहील."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अध्यक्ष म्हणाले, "मिस्त्री, तुमी बोलता बी?"

मग बोलणं भाग पडलं. मी सांगितलं, पाणबुडी कागदाखाली आहे हे लोकांना सांगायचं, पण ती वर आणायची नाही. दिवे घालवायचे, डीजे बंद करायचा, आणि सगळ्या माणसांना गप्प बसवायचं. मागं तेलाचं छोटं जहाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचं. ते पोचलं की संपलं.

"गनपतीत डीजे बंद?" एक पोरगा म्हणाला. "लोक इचारतील कोन वारलं."

हसाहस झाली. मला वाटलं, झालं, आता उठावं. पण अध्यक्ष हसत नव्हते. ते खताच्या पोत्यावर बोटानं ताल धरून विचार करत होते. "आवाज बंद केला तर डीजेच्या परवानगीसाठी पोलीस स्टेशनाला चकरा वाचतील," ते म्हणाले. "आन ज्वालामुखीला तोंड देनारं आपल्याकडं काय हाय? नसंल जमत तर दुसऱ्या दिशी जॅक लावू. मिस्त्री, पहिल्या दिशी जमलं पायजे."

म्हणजे आबांकडे एकच संध्याकाळ होती. मी तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "एक पाळी बास हाय."

गणपती बसले त्या संध्याकाळी मी तेलाच्या जहाजाच्या चाकांना तीनदा ग्रीस लावलं. ते जहाज म्हणजे भाजीची हातगाडी, वर खोके आणि दिव्यांची माळ. पडद्यामागून चार पोरं ढकलणार. आबा पांढरा स्वच्छ पायजमा-सदरा घालून लोखंडी शिडीनं कॉर्व्हेटवर चढले. त्यांच्या प्रत्येक पायरीबरोबर मी माझे जोड मनातल्या मनात तपासत होतो. वर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांनी डीजेवाल्याचे हेडफोन कानाला लावले आणि माइक हातात घेतला. समोर चौक भरलेला. ज्वालामुखी बघून आलेली माणसं, बायका, कडेवरची पोरं, पाराची सगळी मंडळी खुर्च्या टाकून पुढं.

"तुमी समदे आता जहाजावर हायेत," आबा म्हणाले. "मागं तेलाचं जहाज हाय. ते पोचवायचंय. खाली पानबुडी हाय का न्हाई, मला ठाव न्हाई. तुमचा आवाज झाला तर तिला ऐकू जाईल. दिवे घालवा."

चौक काळा झाला. स्पीकरमधून एकच आवाज सुटला, टिंग, आणि विरला. निळा कागद हळूहळू हलायला लागला. डाव्या कोपऱ्यातून हातगाडीचे दिवे निघाले.

आणि फोन वाजला. दणक्यात. अध्यक्षांचा.

"ऐकलं तिनं," आबा माइकवर शांतपणे म्हणाले. "तेलाचं जहाज गेलं. लावा परत पहिल्यापासून."

चौक हसून लोटपोट झाला. अध्यक्षांनी फोन बंद करून वर धरून सगळ्यांना दाखवला. पोरांनी हातगाडी मागं ओढली. परत अंधार, परत टिंग. या वेळी लोक स्वतःच एकमेकांना दटावायला लागले. "ए, गप." "गप म्हनतानाच आवाज करतोय तू." हातगाडी अर्ध्यावर आली आणि कडेच्या भज्यांच्या गाडीवर झारा कढईवर आपटला.

"गेलं," आबा म्हणाले.

"आरं ए भजेवाल्या!" सगळा चौक त्याच्यावर उठला. "बुडवलं ना जहाज! बंद कर तो गॅस!" त्यानं खरंच गॅस बंद केला, झारा खाली ठेवला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. एरवी गणपतीत भजेवाल्याला धंदा थांबवायला कुणी सांगितलं असतं तर मारामारी झाली असती.

तिसऱ्यांदा अंधार झाला तेव्हा आधीच शांतता होती. बायकांनी पोरांच्या तोंडावर पदर धरले होते. टिंग गेला. मला लांबच्या मळ्यातली मोटर ऐकू आली, जी इतकी वर्षं रोज चालते आणि मी कधी ऐकली नव्हती. कुणाच्या तरी बांगड्या हलल्या आणि लगेच थांबल्या. हातगाडी निघाली, मध्यावर आली, मध्य ओलांडला. आणि तिचं मागचं चाक करकरलं. तीनदा ग्रीस लावलेलं चाक! आता माझ्याच हातानं आबांनी पोचवायचं जहाज बुडणार. आबांनी मान वळवली. हेडफोनवर हात ठेवून ऐकल्यासारखं केलं. मग अगदी हळू म्हणाले,

"उंदीर हाय. जहाजावर असत्यात. चालू द्या."

सगळ्या चौकानं हसू दाबलं. शेकडो माणसं तोंडावर हात ठेवून नुसती खांद्यांनी हसतायत, असं दृश्य मी पुन्हा पाहिलेलं नाही. चाक करकरत राहिलं आणि कुणी आवाज केला नाही. हातगाडी उजव्या कोपऱ्यात पोचली. तिथले दिवे लागले.

"पोचलं," आबा म्हणाले, आणि माइक मांडीवर ठेवला.

टाळ्या वाजायच्या आधी थोडा वेळ गेला, कारण लोकांना बोलायची परवानगी आहे की नाही कळत नव्हतं. मग वाजल्या. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शिडीपाशी आली आणि मान वर करून म्हणाली, "आबा, मग तुमी असं रोज बसायचे?"

"रोज, आक्का."

"आन खाली कोन हाय ते ठाव न्हाई?"

"न्हाई."

"भ्या न्हाई वाटलं?"

आबांनी हेडफोन काढले. "लई वाटायचं," ते म्हणाले. माइक चालूच होता, त्यामुळे ते सगळ्या चौकाला ऐकू गेलं. पाराच्या मंडळींत कुणी हसलं नाही. एकानं, जो सगळ्यात जास्त चेष्टा करायचा, उठून खालून शिडी धरली, आबांना उतरता यावं म्हणून. मी म्हटलं, शिडी पक्की आहे, जोड तपासलेत. तो म्हणाला, "असू दे रे मिस्त्री, धरतो मी."

बक्षीस ज्वालामुखीला मिळालं. पण जॅक कुणी मागितला नाही. पाणबुडी सगळा गणपती निळ्या कागदाखाली पडून राहिली, आणि विसर्जनापर्यंत रोज संध्याकाळी चौक गप्प बसला, काही लोक तर तेल पोचवायला रोज यायचे. एका दिवशी भजेवाल्यामुळे दोनदा जहाज बुडालं, तेव्हापासून तो देखाव्याच्या वेळी गाडी सोडून पुढं खुर्चीवर येऊन बसायला लागला.

त्या पहिल्या संध्याकाळच्या दुसऱ्याच दिवशी दुपारनंतर मी दुकानात हातगाडीचं चाक खोलून बसलो होतो. आबा दाढी करून, सदरा घालून, वेळेच्या कितीतरी आधी दारात येऊन उभे राहिले. माईंनी मागून हाक मारली, चहा तरी घेऊन जा. ते म्हणाले, "आल्यावर घेतो, माझी पाळी हाय." आणि मला म्हणाले, "ते चाक नीट नको करू. ऱ्हाऊ दे तसंच."